पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस

प्रश्न : डॉक्टरबाई, मी शिरोड्याची, वय २८. पहिली मुलगी सात महिन्यांची झाली, पण मला अजून पाळी आलेली नाही. सहा महिने तिला निव्वळ अंगावरच पाजलं. रजा संपल्यापासून वेर्ण्याला कंपनीत जाते. सकाळी साडेसहाची बस, घरी यायला पाच वाजतात. दिवसभर सासूबाई तिला नाचणीचं सत्त्व, पेज भरवतात. जाऊबाईंचं बाळ डब्याच्या दुधावर होतं, त्यांना दोन महिन्यांतच पाळी आली. माझ्यात काही दोष आहे का? सासूबाई म्हणतात, बाळ अंगावर पितं तोवर दिवस जात नाहीत. शिवाय पाळी सुरू झाली की दूध बाधतं, ते तोडावं लागतं, असंही त्या म्हणतात. खरं काय?

उत्तर : तुझ्यात दोष काहीच नाही. बाळ ओढून पितं तेव्हा आईच्या मेंदूतल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन स्रवतं, त्यावर दूध तयार होतं. असं वरचेवर पाजणं चालू असलं की अंडाशयाला बीज पिकवायला सांगणारे संदेश मंदावतात. जाऊबाईंचं पाजणं नव्हतं, म्हणून त्यांची पाळी लवकर आली. पाजणाऱ्या काहींना पाच-सहा महिन्यांत येते, काहींना वर्ष उलटून जातं.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, पण त्याला अटी आहेत. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी त्या ठरवल्या : बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळ जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर हवं. म्हणजे दोन पाजण्यांत दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड नको. तिन्ही अटी पाळल्या तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना दिवस राहत नाहीत. तुझी मुलगी सात महिन्यांची आहे, पेज खाते, आणि तू दहा-साडेदहा तास घराबाहेर असतेस. म्हणजे तुला आता या संरक्षणाचा आधार राहिलेला नाही.

हे मी इतकं आवर्जून सांगते, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. बाळंतपणानंतरची पहिली पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात. मागे एक जण 'पोटात वायू धरलाय, आत काहीतरी फिरतं' म्हणून आली होती. मांडीवर अकरा महिन्यांचा मुलगा, पदराखाली पीत होता. सोनोग्राफीत अठरा आठवड्यांचा गर्भ दिसला. पडद्याकडे बघून ती म्हणाली, 'पण पाळी तर आलीच नाही!' तिचं रक्त पहिल्या बाळंतपणातच उतरलेलं होतं, ते भरून यायला वेळच मिळाला नव्हता. बाळंतपण आणि पुढचं गर्भारपण यांत निदान दोन वर्षांचं अंतर असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते याचसाठी.

तेव्हा तू आधी सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टीवर तपासणी कर. ती नकारार्थी आली तरी शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन आठवडे झाले की पुन्हा कर. तोवर निरोध वापरा. मग साधन निवडू. तांबी दहा वर्षांपर्यंत चालते, दुधावर काही परिणाम नाही. सरकारी दवाखान्यात 'छाया' ही गोळी मिळते. तिच्यात हार्मोन नाहीत, पाजणाऱ्या आईला चालते; पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, पण त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते, हे माहीत असू दे. दुकानातून नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या आपल्या मनाने आणू नकोस, त्यांतल्या पुष्कळशा दूध कमी करू शकतात.

आता दुधाचं. पाळीने दूध बाधत नाही. त्या दोन-चार दिवसांत दूध किंचित कमी होईल, एखादं बाळ कुरकुरेल, चव थोडी वेगळी लागत असेल. पाजत राहायचं, तेवढ्यासाठी दूध तोडणं म्हणजे मुलीवर अन्याय आहे. सासूबाईंना माझं नाव सांगून हे सांग, आणि पेज भरवतात त्याबद्दल माझं कौतुकही कळव.

पहिल्या एक-दोन पाळ्या मागेपुढे होतील, अंगावरून जास्तही जाईल. मात्र तासाला एक पॅड भिजू लागला, चक्कर आली किंवा मोठ्या गाठी पडल्या तर लगेच दाखव. बाळंतपणानंतरच्या १८० दिवसांच्या लोहाच्या गोळ्या पुऱ्या केल्यास का? नसतील तर येताना हिमोग्लोबिन करून ये, आणि नवऱ्यालाही बरोबर आण. साधन दोघांनी मिळून ठरवायचं आहे.