ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पाणी भरताय? आधी हे वाचा

भाऊ, पलटी नांगर ओढताना चाक जागेवरच फिरत असेल तरच वजन वाढवायला पाणी भर. पुढचं तोंड उचलत असेल तर त्याचा इलाज पुढची वजनं, मागचं पाणी नाही.

ट्रॅक्टर जॅकवर घे, चाक फिरवून व्हॉल्व्ह अगदी वर आण, आतली पिन काढ आणि पाणी सोड. मधूनमधून नळी काढून हवा निघू दे, नाहीतर पाणी आत जातच नाही. व्हॉल्व्हमधून पाणी यायला लागलं की थांब, म्हणजे पाऊण चाक भरलं. पूर्ण कधीच भरू नको. वरची हवाच दणके सोसते. मग पिन लावून हवा भर. हवा मोजतानाही व्हॉल्व्ह वरच ठेव. दोन्ही चाकांत पाणी सारखंच हवं.

कोणी कॅल्शियम क्लोराईड मिसळायला सांगेल. ते पाणी गोठू नये म्हणून थंड देशांत घालतात. नागपूरच्या हिवाळ्यात चाकातलं पाणी गोठत नाही, उगाच रिम मात्र गंजेल.

पावसाळ्यात आपल्या काळ्या ओल्या जमिनीत हेच वजन माती दाबून टाकतं. नांगरणी उन्हाळ्यात आटोपली की पाणी काढ. संत्र्याच्या बागेत फवारणीला तर ते नकोच.