हाड मोडलं आणि पांढऱ्या पेशी १६,८००: काउंट वाढला म्हणजे ताकद वाढली का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६४ वर्षांचे, स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, बाहेरून जखम नाही. दाखल केल्यावर दोनेक तासांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) झाली: पांढऱ्या पेशी १६,८००, त्यांच्या प्रकारांपैकी लिम्फोसाइट ५ टक्के, इओसिनोफिल शून्य. काका म्हणतायत, "इन्फेक्शन आहे, मोठी अँटिबायोटिक मागा." आणि तुम्हाला पडलेलं कोडं वेगळंच: ताणाने प्रतिकारशक्ती घटते म्हणतात, मग पेशी वाढल्या कशा? आणि ताण लांबला तर काय होतं?

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये २८ वर्षं टेक्निशियन होतो, त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मोजणीच्या काचेच्या चेंबरमध्ये डोळ्यांनी पेशी मोजण्यात गेली. असे रिपोर्ट शेकड्यांनी पाहिलेत. पडल्यावर दोन तासांत रक्तात दिसण्याइतकं इन्फेक्शन बंद हाडात सहसा होत नाही. काकांना एवढंच सांगा.

आता कोडं. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकी साधारण निम्म्या पेशी वाहत नसतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात. आपण सुई टोचतो ती वाहत्या रक्तात, त्यामुळे त्या मोजणीत येतच नाहीत. नदीला लोंढा आला की काठाला अडकलेले ओंडके प्रवाहात येतात आणि पुलावरून मोजणाऱ्याला वाटतं, आज जंगलच तुटलं. मार लागला, दुखलं, घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि काही मिनिटांत हेच होतं. रडून लालबुंद झालेल्या बाळाचं रक्त घेतलं तर काउंट असाच चढा येतो. आमचे सर म्हणायचे, आधी पोराला गप्प करा, मग सुई काढा.

पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं हार्मोन येतं, त्याचा परिणाम तासांच्या हिशेबाने दिसतो. ते अस्थिमज्जेतून नवे न्यूट्रोफिल बाहेर काढतं आणि पेशींचा चिकटपणाही कमी करतं. हा दुसरा भाग नीट लक्षात घ्या. भिंतीला चिकटल्याशिवाय पेशीला वाहिनीबाहेर पडून जखमेपर्यंत जाता येत नाही. म्हणजे रक्तात गर्दी दिसते, त्यातली काही बाहेरची वाट अडल्यामुळे. काउंट चढा आणि कामात अडथळा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

लिम्फोसाइटचं उलट होतं. १६,८०० चे ५ टक्के म्हणजे ८४०, आणि मोठ्या माणसात हजाराच्या वर असायला हव्यात. (टक्केवारी पाहून घाबरू नका, हा गुणाकार आधी करा. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.) त्यातल्या बहुतेक मेलेल्या नसतात, अस्थिमज्जा, लसिका ग्रंथी अशा ठिकाणी निघून गेलेल्या असतात. इओसिनोफिलही कॉर्टिसॉल वाढलं की रक्तातून गायब होतात. न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली, इओसिनोफिल शून्य: तुमच्या हातातला कागद हाच आहे.

पण फक्त हार्मोनवर सगळं ढकललं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. चिरडलेल्या स्नायूंतून आणि हाडातून मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचे) तुकडे रक्तात सांडतात. मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वज अब्जावधी वर्षांपूर्वीचे जिवाणू, त्यामुळे त्या तुकड्यांवर जिवाणूंसारख्याच खुणा असतात. पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजून पेटतात. बोस्टनच्या संशोधकांनी २०१० साली हे गंभीर जखमींच्या रक्तात दाखवलं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जंतूंशिवायही थोडा ताप येऊ शकतो आणि सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, वाढतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात असं निघालं, की मोठ्या अपघातानंतर पांढऱ्या पेशींतल्या ८० टक्क्यांहून जास्त जनुकांचं काम बदलतं. दाह वाढवणारी चढतात आणि प्रतिकाराची काही त्याच वेळी उतरतात, एकामागून एक नव्हे. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूचा तुकडा इतर पेशींना दाखवतात ते त्यांच्या अंगावरच्या एका रेणूच्या आधारे, आणि मोठ्या मारानंतर तो कमी होतो. इन्फेक्शनची खरी जागा ही, पहिल्या दिवशी नव्हे तर नंतर: छातीत, लघवीच्या नळीशी, ऑपरेशनच्या टाक्यांशी.

लांबलेल्या ताणाचंही विचारलंत. १९९५ साली ओहायोमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. ती भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले, तशाच वयाच्या इतर स्त्रियांना ३९.३. अभ्यास लहान आहे, पण रात्रभर खुर्चीत बसून राहणाऱ्या तुमच्या आईलाही झोपायला घरी पाठवा.

म्हणून कॉर्टिसॉल वाईट, असं मात्र समजू नका. ते नसेल तर एवढा मार शरीराला झेपतच नाही. वडील दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बरेच दिवस प्रेडनिसोलोनसारखी गोळी घेत असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगा. ती गोळी एकटीच काउंट चढवून गोंधळ घालते आणि अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

ऑपरेशनच्या आधी अँटिबायोटिकचा डोस देतातच, तो ठरलेला भाग आहे. त्यापलीकडे मागायचं असेल तर हे मागा: काउंट एकदाच न पाहता पुन्हा करा आणि स्लाइड डोळ्यांनी पाहा. काउंट उतरत जाऊन पुन्हा चढला, थंडी वाजून ताप आला, धाप लागली, टाके लाल झाले किंवा माणूस बरळायला लागला, तर लगेच डॉक्टरांना बोलवा, रिपोर्टची वाट पाहू नका.

आणि पुढच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिलचा रकाना बघा, तो कोणी वाचत नाही. आमच्या लॅबमध्ये शून्याचे एक-दोन टक्के झाले की सर लाल पेनने त्याला गोल करायचे आणि वॉर्डात फोन लावायचे, "तुमचा पेशंट सुधारणेकडे वळतोय."