नाव कोणत्या स्पेलिंगने लिहू?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा सीव्ही काल रात्री दोनदा वाचला. काम चांगलं आहे, पण ते सगळं तुझंच आहे हे जुळवायला मला वेळ लागला. पहिल्या संशोधन पेपरवर नुसतं नाव-आडनाव, दुसऱ्यावर मध्ये वडिलांचं आद्याक्षर, तिसऱ्यावर नावातली दीर्घ ई 'आय'ऐवजी दोन 'ई' लावून लिहिलेली. मी तुला ओळखते म्हणून कळलं. संगणकाला या तिघी वेगळ्या वाटतात.

हे मी भोगलंय. लग्नाआधीचे माझे चार पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, नंतरचे सासरच्या. एका मुलाखतीत समितीतल्या गृहस्थांनी विचारलं, "हे पहिले चार कुणाचे?" मी पर्समधून लग्नाचा दाखला काढून टेबलावर ठेवला. नंतर प्रश्न कामाबद्दलच आले, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी येईपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.

तुझ्यावर ती वेळ येऊ नये. ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढ. २०१२पासून ही सोय आहे, १६ आकडी क्रमांक मिळतो, पैसे पडत नाहीत. त्यात आपली इतर नावं नोंदवायलाही जागा असते. तिन्ही स्पेलिंग तिथे घाल. पुढे आडनाव बदललंस, नाही बदललंस, परदेशी गेलीस, तरी क्रमांक तोच राहतो. नोंदणी करताना विद्यापीठाच्या ईमेलसोबत स्वतःचा ईमेलही दे. पीएचडी संपल्यावर विद्यापीठाचा पत्ता बंद झाला, की पासवर्ड बदलायची लिंक कुणीच उघडत नाही अशा पेटीत जाऊन पडते.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या 'विद्वान' या संशोधकांची माहिती ठेवणाऱ्या संकेतस्थळावरही पुढेमागे माहिती भरावी लागेल. तिथेही हेच नाव, हेच स्पेलिंग.

गूगल स्कॉलरचं, म्हणजे गूगलवरच्या तुझ्या पेपरांच्या यादीचं, मात्र आजच बघ. तू कोकणातल्या सड्यांवरच्या गवतांवर काम करतेस आणि तुझ्या प्रोफाइलवर हृदयरोगाचे दोन पेपर आहेत! आपल्यासारखी आडनावं हजारोंची असतात, ते यंत्र स्वतःहून पेपर चिकटवत जातं. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे, पण निवड समितीला कोण सांगणार? ते दोन्ही काढ, आणि नवा पेपर जोडण्याआधी तुला विचारलं जाईल अशी सेटिंग कर.

आता सीव्हीतलं एकच, पण मनावर घे. छापून आलेलं, स्वीकारलेलं आणि नुसतं पाठवलेलं हे तीन वेगळ्या मथळ्यांखाली लिही. तू सगळं 'प्रकाशने' म्हणून एकत्र केलंयस. त्यातला सहावा पेपर अजून परीक्षकांकडे आहे, हे मला ठाऊक आहे. एक अशी नोंद सापडली की उरलेल्या पाच खऱ्या पेपरांकडेही संशयाने बघतात. आणि पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नकोस. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे पारखायचं काम आता तुझं-माझं. पाठवण्याआधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

शिफारसपत्र सोमवारी पाठवायचं आहे. तुझं नाव त्यात कोणत्या स्पेलिंगने लिहू, ते रविवारपर्यंत ठरवून कळव.

तुझी,
मॅडम