रनिंग बॅकला पैसे कधी मिळतात आणि बार्कलीला का मिळाले

तुझा प्रश्न असा आहे की सॅक्वॉन बार्कली या रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणारा खेळाडू) एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या जायंट्सनी २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स ओळीने नवी पोरं निवडतात तिथे, दुसऱ्या नंबरला घेतलं ती घोडचूक होती असं सगळे म्हणतात, आणि मग तोच माणूस ईगल्सकडे जाऊन एका सीझनमध्ये २००५ यार्ड काढतो, सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकतो, तर रनिंग बॅकला किंमत नाही म्हणणारे तोंडावर पडले की नाही. माझ्या मते नाही पडले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यात विरोध काहीच नाही. बॅक किती भारी आहे हा प्रश्न टीमच्या ऑफिसात दुसरा येतो, आधी बघतात ते त्याची कुठली वर्षं आपल्या वाट्याला येणार आणि त्याच्यापुढे ब्लॉक करायला, म्हणजे समोरच्यांना अडवून वाट काढून द्यायला, कोण उभं आहे.

आधी ड्राफ्टचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. २०१० पर्यंत पहिल्या नंबरचा पोरगा वाटेल तेवढे पैसे मागायचा, सॅम ब्रॅडफर्डला एकही मॅच न खेळता ५० मिलियन डॉलर गॅरंटीड मिळाले होते. लीग आणि खेळाडूंमधल्या २०११ च्या लेबर अ‍ॅग्रीमेंटने ते बंद केलं आणि पगार पिकच्या, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीच्या, नंबरला बांधून टाकला. म्हणजे दुसऱ्या नंबरला तू क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, सगळ्यात महाग माणूस) घे, गार्ड (ब्लॉक करणारा) घे नाहीतर रनिंग बॅक घे, चार वर्षांचा आकडा जवळपास तोच. आता बार्कलीचा करार होता साधारण ३१ मिलियनचा, म्हणजे वर्षाला पावणेआठच्या आसपास. आणि त्या एप्रिलमध्ये बाजारातले सगळ्यात महाग बॅक, टॅगवाला (टॅग काय ते पुढे सांगतो) लेव्हियन बेल सोडला तर, आठ-सव्वाआठ मिलियनवर खेळत होते. म्हणजे एकही मॅच खेळायच्या आधीच पोरगा जवळपास टॉपच्या भावात. तो ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी, निघाला तरी टीमचं वाचलं काय? त्याच पैशात क्वार्टरबॅक घेतला असता आणि लागला असता तर दरवर्षी निदान दहा-पंधरा मिलियन वाचले असते, आणि त्या पैशात अख्खी ऑफेन्सिव्ह लाईन, म्हणजे पुढे ब्लॉक करणारे पाच जण, उभी राहिली असती. त्याच ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन सातव्या नंबरला गेला, क्वार्टरबॅक लमार जॅक्सन ३२ व्या, आणि रनिंग बॅक निक चब ३५ व्या नंबरला क्लीव्हलंडला मिळाला, ज्याने २०१९ पासून लागोपाठ चार वर्षं हजाराच्या वर यार्ड काढले. मी न्यू जर्सीत राहतो, इथे ऑफिसात जायंट्सवाले भरपूर, आणि त्यांना बार्कली मनापासून आवडायचा, मलाही आवडतो, पण त्या पिकचं गणित तेव्हाही जुळत नव्हतं.

दुसरं म्हणजे वय. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये येता येत नाही, म्हणजे पोरगा २१-२२ चा होऊन येतो. चार वर्षं रूकी करार, म्हणजे पहिला करार, फर्स्ट राऊंडवाला असेल तर टीमकडे पाचव्या वर्षाचं ऑप्शन, त्यावर परत फ्रँचायझ टॅग, म्हणजे करार संपला तरी ठरलेल्या आकड्यावर टीम त्याला अजून एक वर्ष धरून ठेवते. झालं, २६-२७. आणि बॅकचे पाय २७-२८ नंतर उतरायला लागतात हे सगळ्यांना माहीत आहे, प्रत्येक कॅरीला (बॉल घेऊन पळताना) शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर घ्यायची असतात, एका सीझनला तीनशे वेळा. क्वार्टरबॅकला त्या वयात कुठे खेळ समजायला लागलेला असतो. म्हणजे बॅकची सगळ्यात चांगली वर्षं नेमकी त्या काळात जातात जेव्हा त्याला भाव करायचा अधिकारच नसतो. मला यात खरंच वाईट वाटतं, कारण हे कोणी बॅकला तुच्छ समजतं म्हणून झालेलं नाही, करार ज्या पद्धतीने लिहिलाय त्यातूनच ते होतं.

टॅगचा तर फास आहे. टॅगचा आकडा त्या पोझिशनच्या टॉप पगारांवरून काढतात. टॉपचे पगार घसरले की टॅग घसरतो, टॅग घसरला की टीमला टॅग लावणं स्वस्त पडतं, मग लांब करार द्यायची गरजच उरत नाही, मग पगार अजून घसरतात. २०१७ मध्ये रनिंग बॅकचा टॅग १२.१२ मिलियन होता आणि सॅलरी कॅप, म्हणजे एका टीमच्या एकूण पगारांची मर्यादा, १६७ मिलियन. २०२३ मध्ये कॅप २२४.८ झाली आणि टॅग उतरून १०.०९ वर आला! त्या वर्षी बार्कली, जॉश जेकब्स, टोनी पोलार्ड तिघांनाही टॅग लागला, जेकब्स तर आदल्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त रनिंग यार्ड काढून आलेला. जुलैमध्ये ऑस्टिन एकलरने सगळ्या मोठ्या बॅकना झूम कॉलवर एकत्र आणलं, चर्चा झाली, पण हातात काही आलं नाही, कारण सध्याचं अ‍ॅग्रीमेंट २०३० च्या सीझनपर्यंत बांधलेलं आहे. बेलने २०१८ मध्ये साडेचौदा मिलियनचा टॅग नाकारून अख्खं वर्ष घरी बसून बघितलं, तर त्याच्या टीमने, स्टीलर्सनी, ड्राफ्टच्या तिसऱ्या राऊंडमधल्या जेम्स कॉनरला उभा केला आणि त्याने १३ मॅचमध्ये ९७३ यार्ड आणि १२ टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) काढले. बेलच्या हट्टाचा टीमवर दबाव असा आलाच नाही.

आणि ज्यांनी दुसरा करार दिला त्यांचं काय झालं बघ. टॉड गर्ली, २०१७ चा ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, २०१८ मध्ये रॅम्सनी त्याला चार वर्षांचे ५७.५ मिलियन दिले, त्यातले ४५ गॅरंटीड. त्या सीझनला त्याने २१ टचडाऊन केले, म्हणजे पैसे वसूल वाटले असतील, पण डिसेंबरमध्ये गुडघा बोलायला लागला. रॅम्सनी काय केलं, तर सी. जे. अँडरसन या बॅकला बोलावलं. हा माणूस त्याच सीझनला कॅरोलायनाने सोडलेला, मग ओकलंडने सोडलेला, घरी बसलेला. आला आणि पहिल्या मॅचला १६७ यार्ड, दुसऱ्या मॅचला १३२, आणि मग प्लेऑफमध्ये डॅलससमोर १२३. त्याच लाईनमागे, त्याच कोच शॉन मॅकव्हेच्या प्लेजवर. लीगमधल्या सगळ्या जनरल मॅनेजरांनी ते बघितलं, आणि माझ्या मते पुढची चार-पाच वर्षं बॅकच्या एजंटांना जे ऐकावं लागलं त्याची सुरुवात त्या महिन्यात झाली. मार्च २०२० मध्ये गर्लीला सोडला, कॅपवर सुमारे २० मिलियनचं ओझं ठेवून. इझिकियल एलियटचे सहा वर्षांचे ९० मिलियन, बेलचे जेट्सकडचे साडेबावन्न मिलियन, त्यांचाही शेवट तसाच.

आता बार्कली. २०२३ मध्ये जायंट्सकडे त्याची सरासरी ३.९ यार्ड प्रति कॅरी. पुढच्याच वर्षी ईगल्सकडे ५.८. माणूस तोच, वय एका वर्षाने जास्तच. एखादी आऊटसाईड झोनची प्ले, म्हणजे लाईन एका बाजूला सरकते आणि बॅक तिच्यामागून कडेला पळतो ती, स्लो करून बघ. जायंट्सकडे बॉल हातात येईपर्यंत डिफेन्सचा टॅकल (पुढच्या रांगेतला जाडजूड माणूस) लाईनच्या अलीकडे आलेला असायचा, मग बार्कलीला पहिला कट मागेच मारावा लागायचा, वेग तिथेच संपला, नंतर तो कितीही ताकदवान असो तीन यार्ड. ईगल्सकडे लाईनमधले जॉर्डन मायलाटा आणि लँडन डिकरसन डावीकडे अख्खी बाजू सरकवतात, उजवीकडे लेन जॉन्सन, आणि बार्कलीला पहिला माणूस भेटतो तो सेफ्टी किंवा लाईनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या मागच्या रांगांतला, तोही आधीच बाजूला झुकलेला. त्यात क्वार्टरबॅक जेलेन हर्ट्स स्वतः बॉल घेऊन पळू शकतो म्हणून एक डिफेंडर त्याच्याकडे बघत थांबतो, बाहेर ए. जे. ब्राऊन आणि डेव्हॉन्टा स्मिथ हे रिसीव्हर (बॉल झेलणारे) होते म्हणून दोन सेफ्टी खोल उभे. अशा मोकळ्या जागेत साधा बॅक बारा यार्ड काढेल, बार्कली साठ काढतो. हा फरक मात्र त्याचाच आहे, तो लाईनच्या खात्यात टाकू नका. जॅक्सनव्हिलविरुद्ध पाठमोरा उडी मारून डिफेंडरच्या डोक्यावरून गेला तो काय ब्लॉकिंगने गेला का!

म्हणून माझं म्हणणं असं की बॅक सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. घर बांधून झाल्यावर रंग देतो तसं, भिंती नसताना महागडा रंग आणून ठेवला तर तो डब्यातच वाळतो. ईगल्सनी २०२४ मध्ये तीन वर्षांचे ३७.७५ मिलियन दिले तेव्हा लाईन तयार होती, क्वार्टरबॅक होता, रिसीव्हर होते. ४९अर्सनी ख्रिश्चन मॅकॅफ्री या बॅकसाठी २०२२ मध्ये सेकंड, थर्ड, फोर्थ आणि वर फिफ्थ राऊंडचं पिक दिलं तेही असंच, शिवाय तो रिसीव्हरसारखा बॉल झेलायच्या ठरलेल्या वाटेने, म्हणजे रूट, पळतो, म्हणजे डिफेन्सला आधी कळतच नाही कुठले लोक मैदानात ठेवायचे. रेव्हन्सनी डेरिक हेन्रीला तिशीत दोन वर्षांच्या १६ मिलियनवर घेतलं आणि त्याने १९२१ यार्ड दिले, कारण बाजूला लमार जॅक्सन होता. उलट रेडर्सनी २०२५ मध्ये अ‍ॅश्टन जेंटीला सहाव्या नंबरला घेतलं, आदल्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात कमी रनिंग यार्ड असलेली टीम, म्हणून बॅक हवा. मला ते उलटं वाटतं, पोरगा गुणी आहे पण साधारण ३६ मिलियन आणि टॉप टेनचं पिक तिथे लाईनवर जायला हवं होतं. डेट्रॉइटने २०२३ मध्ये जहमिर गिब्सला बाराव्या नंबरला घेतलं तेव्हा लोक हसले होते, पण तिथे लाईनमध्ये पिनाय सूअल आणि फ्रँक रॅगनाऊ आधीच होते, म्हणून ते पिक मी चुकीचं धरत नाही.

राहिलं 'आता मार्केट परत वर आलं' हे. मार्च २०२५ मध्ये बार्कलीला एक्स्टेन्शन मिळालं, वर्षाला २०.६ मिलियन, वीसच्या वर जाणारा पहिला बॅक. आकडा मोठा दिसतो, पण कॅप २७९.२ होती, म्हणजे ७.४ टक्के. गर्लीचा २०१८ चा करार तेव्हाच्या १७७.२ मिलियन कॅपच्या ८ टक्क्यांच्या वर जात होता. म्हणजे सगळ्यात भारी बॅक, सगळ्यात भारी सीझननंतर, तरीही सात वर्षांपूर्वीच्या हिश्श्याच्या खालीच आहे. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा करार वर्षाला ६० मिलियनचा आहे. आणि २०२५ च्या सीझनला ईगल्सची लाईन दुखापतींनी खिळखिळी झाली, लेन जॉन्सन नोव्हेंबरपासून बाहेर, तर बार्कलीचे यार्ड बाराशेच्या आत आले.

बिजान रॉबिन्सन आणि गिब्स या बॅकच्या मोठ्या करारांच्या बातम्या वाचशील तेव्हा हेडलाईनचा एकूण आकडा सोडून दे, तो बहुतेक वेळा पूर्ण दिलाच जात नाही. गॅरंटीड किती आणि ते कुठल्या वर्षापर्यंत पुरतं ते बघ, तिसऱ्या वर्षी टीमला किती कमी नुकसानीत सोडता येतं ते बघ, आणि त्या वर्षी टीमच्या लाईनमधले किती जण कराराखाली असतील तेही बघ. कोणाचा करार समोर असेल तर इथेच टाक, आकडे बसून बघू.