आठवा सभासद घातला आणि आधीचे सात गेले: एचटीपासडब्ल्यूडीचा गोंधळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या सोसायटीचं हिशेबाचं पान उबंटूवर अपाचे 2.4 या वेब सर्व्हरमध्ये, त्याला पासवर्डचं कुलूप. नावं आणि पासवर्ड एका फाइलमध्ये, ती फाइल लिहिणारी आज्ञा एचटीपासडब्ल्यूडी. काल आठवं नाव घातलं तर आधीच्या सातांपैकी कुणालाच आत जाता येईना.

दोष आज्ञेला दिलेल्या मायनस छोटा सी या खुणेचा. तिचा अर्थ ‘फाइल नव्याने तयार कर’. फाइल आधीपासून असेल तर एचटीपासडब्ल्यूडी काही न विचारता ती पुसून नवी लिहितं. म्हणून छोटा सी फक्त पहिल्या नावाला. पुढच्या प्रत्येक नावाला नुसतं कॅपिटल बी (म्हणजे पासवर्ड बीक्रिप्ट पद्धतीने ठेव), मग फाइलचा पत्ता, मग नाव. बॅकअप असेल तर तो परत ठेवा आणि आठवं नाव पुन्हा घाला. नसेल तर सातही पासवर्ड नव्याने. दुसरा मार्ग नाही.

नव्याने करणारच असाल तर पासवर्ड व्हॉट्सअॅपवर मागवू नका. ज्यांना जमतं त्यांनी आपल्याच मशीनवर मायनस एन आणि कॅपिटल बी देऊन आज्ञा चालवावी. फाइलला हात न लागता नाव आणि हॅश (पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप) अशी एक ओळ पडद्यावर येते, तेवढीच तुमच्याकडे पाठवावी. ती फाइलच्या शेवटी चिकटवली की झालं, पासवर्ड तुम्हालाही कळत नाही. छोटा बी मात्र टाळा. त्यात पासवर्ड आज्ञेतच लिहावा लागतो आणि शेलच्या हिस्टरीत, म्हणजे दिलेल्या आज्ञांच्या नोंदीत, पडून राहतो.

हे सगळं अपाचे2-युटिल्स या पॅकेजात येतं. रेडहॅटच्या घराण्यात त्याचं नाव एचटीटीपीडी-टूल्स. नाव काढायला कॅपिटल डी, पासवर्ड जुळतो का पाहायला छोटा व्ही. फाइल बदलल्यावर सर्व्हर रीलोड करायची गरज नाही, कारण अपाचे ती दर विनंतीला वाचतो.

याचीच दुसरी बाजू बीक्रिप्टची. कॅपिटल सीने कॉस्ट, म्हणजे हॅश काढायची मेहनत, ठरते; न दिल्यास 5. एक आकडा वाढला की वेळ दुप्पट. पानावर 30 चित्रं असतील तर पासवर्ड 31 वेळा तपासला जातो, त्यामुळे कुणीतरी सांगितलं म्हणून 14 ठेवलंत तर पान रांगत उघडेल. जास्त कॉस्ट हवीच असेल तर तपासणीचा निकाल थोडा वेळ लक्षात ठेवणारं (कॅश) ऑथएन_सोकॅश मॉड्यूल चालू करा. फक्त काढलेला सभासद कॅशमुळे 300 सेकंदांपर्यंत आत येऊ शकतो, हे धरून चाला.

लॉगिनऐवजी 500 (सर्व्हरची अंतर्गत चूक) दिसलं तर बहुतेक वेळा परवानगीचा घोळ असतो. फाइल वेबच्या फोल्डरबाहेर, मालक रूट, गट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, परवानगी 640. एरर लॉगमध्ये एएच01620 म्हणजे फाइल उघडता आली नाही, एएच01618 म्हणजे नाव सापडलं नाही, एएच01617 म्हणजे पासवर्ड चुकला. लॉग न बघता कॉन्फिग (सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) उसकटत बसू नका.

ऑथनेममध्ये, म्हणजे लॉगिनच्या खिडकीसाठीच्या मजकुरात, ‘विनापरवानगी आत येऊ नये’ छापाची पुणेरी पाटी लावायचा मोह होतो, पण आजचे बरेच ब्राउझर ती दाखवतच नाहीत.

तुमच्या कॉन्फिगमध्ये अजून एक खोच आहे. रिक्वायर आयपी (ठरावीक नेटवर्कवरून आलेला) आणि रिक्वायर व्हॅलिड-यूजर (बरोबर पासवर्ड दिलेला) अशा दोन ओळी नुसत्या एकाखाली एक ठेवल्या आहेत. 2.4 मध्ये याचा अर्थ ‘दोन्हींपैकी एक पुरे’. सोसायटीच्या वायफायवरून कुणीही पासवर्डशिवाय हिशेब बघू शकतो. दोन्ही अटी हव्या असतील तर त्या रिक्वायरऑलच्या चौकटीत घाला, मग अपाचे2सीटीएल कॉन्फिगटेस्ट, मग रीलोड. बेसिक ऑथमध्ये, म्हणजे या कुलपाच्या पद्धतीत, पासवर्ड फक्त बेस64 (कुणालाही उलटवता येणारं लेखन) करून जातो, म्हणून पान एचटीटीपीएसवरच हवं.

शेवटी पान मागवून पाहणाऱ्या कर्ल या आज्ञेला मायनस कॅपिटल आय देऊन पाहा: पासवर्डशिवाय 401 (आधी लॉगिन करा), मायनस यू आणि नाव देऊन 200 (पान मिळालं). चौकट नीट बसली असेल तर सोसायटीच्या वायफायवरही आधी 401च आलं पाहिजे, आणि मोबाइल डेटावरून बरोबर पासवर्ड देऊनही 200 येता कामा नये.