‘बेचिराख’मध्ये राख नाही

प्रश्न आला आहे : ‘मंगोलांनी १२५८ साली बगदाद बेचिराख केले’ या वाक्यात ‘भस्मसात केले’ म्हटले तर चालेल का? अर्थ एकच ना?

एकच नाही! ‘बेचिराख म्हणजे जळून राख’ हे बातम्यांत ऐकतो, भाषणांत ऐकतो, आता मुलांच्या मार्गदर्शिकेतही छापलेले पाहिले. शब्द फोडायचा तो बे-चिराख असा. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराख’ म्हणजे फारसी ‘चिराग’, दिवा. तिन्हीसांजेला दिवा लावायला जिथे माणूस उरला नाही, ते गाव बेचिराख. ‘ग’चा ‘ख’ कसा झाला? ‘दिमाग’चा ‘दिमाख’ झाला तसाच. माझ्या मते फारसीतला तो घशातला घासता ‘ग’ शब्दाच्या शेवटी मराठी कानाला ‘ख’सारखा लागला. ‘चिराखदान’ हा शब्द घ्या, तिथेही तेच. दिमाखात कोणी राख शोधत नाही, मग इथेच का?

महसुली दप्तरातही बेचिराख गाव म्हणजे शेतजमीन आहे, वस्ती नाही असे गाव. विहीर आटली, लोक उठून गेले, एवढ्यानेही गाव बेचिराख होते. काडी ओढावी लागत नाही. ‘रूढ झाले, आता राखच धरा’ म्हणणाऱ्या पंडितांना हे दप्तर दिसत नाही का? त्यांचे ऐकले तर इतका नेमका शब्द हातचा जाईल.

आता बगदाद. मंगोल सेनानी हुलागूच्या फौजेने शहर लुटले, जाळले, माणसे कापली, खलीफा मुस्तअसिमला ठार केले. पण दिवे विझले नाहीत. पुढच्याच वर्षी हुलागूने अता-मलिक जुवैनीला तिथला कारभार दिला.

याच जुवैनीच्या फारसी इतिहासात खरे बेचिराख शहर आहे, आजच्या अफगाणिस्तानातले बामियान. १२२१च्या वेढ्यात चंगीझखानाचा लाडका नातू मुतुकान तिथे बाण लागून पडला. हुकूम सुटला : माणूस, जनावर, काही जिवंत ठेवायचे नाही, कैदी नकोत, लूटही नको. जागेला नाव दिले माऊ-बालिघ, वाईट शहर. आजपावेतो तिथे कोणी राहायला आलेले नाही, असे जुवैनी चाळीसेक वर्षांनी लिहितो.

तेव्हा बामियानला ‘बेचिराख’ लिहा. बगदादला ‘उद्ध्वस्त’ पुरेल.