बोअरच्या पाण्यातले क्षार मोजायला घेताय? आधी एवढं करा

पाण्याची वाहकता (ईसी, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते; क्षार जास्त तितकी ती जास्त) मोजायला स्वस्तातला मीटर घेतला म्हणून खट्टू होऊ नका, भाऊ. मोहोळकडच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत तसलाच पेनासारखा मीटर चार वर्षं चालतोय. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- आधी कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक वाहकतेच्या द्रावणात बुडवून मीटरचा आकडा जुळवून घेणं. त्यासाठी १४१३ मायक्रोसिमेन्सचं (वाहकतेचं एकक) द्रावण मिळतं. थोडं वाटीत घ्या, काम झालं की फेकून द्या. उरलेलं परत बाटलीत ओतलंत की बाटली बाद. मी हा उद्योग केलाय.

- तापमान एक अंश वाढलं की वाहकता साधारण २ टक्के वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पाईपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं. मोटर दहा मिनिटं चालू द्या, मग बादली भरून सावलीत ठेवा. २५ अंशांच्या जितकं जवळ, तितका आकडा भरवशाचा.

- टोकांवर पांढरा थर दिसला की व्हिनेगरमध्ये बुडवा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

नवखे हमखास फसतात ते टीडीएसवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या आकड्यावर. तो आकडा मोजलेला नसतो, वाहकतेला ०.५ किंवा ०.७ ने गुणून काढलेला असतो. म्हणून शेजाऱ्याच्या मीटरशी तुमचा जुळत नाही. वहीत ईसीच लिहा, तारखेसकट. सोडियम किती, हे मात्र मीटर सांगणार नाही, त्याला प्रयोगशाळाच.